फाटकाची किल्ली

वसई असो वा कर्जत, वाडीची जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली जाते, तेव्हा नकाशावर रस्ता एका रेघेने दाखविला जातो. खडी-मुरूम आणि गटार यांचा खर्च त्या रेघेवर लिहिलेला नसतो. दोन पावसाळ्यांत चाके रुतू लागतात, मग वर्गणी ठरते आणि ती न देणाऱ्यासाठी फाटक उभे राहते.

कायदा येथे दोघांचेही कान धरतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने, दुसरी वाटच नसेल तर जमिनीच्या विभागणीनंतरही जाण्यायेण्याचा हक्क टिकतो. पण त्याच कायद्याचे २५ वे कलम वाट राखण्याचा खर्च ती वापरणाऱ्यावरच टाकते. वकिलाकडे जाणारा मात्र बहुधा सोयीचे तेवढेच कलम वाचून घेतो.

तथापि पैसे मागणे निराळे आणि वाट अडविणे निराळे. वर्गणी थकविलेली असते घरमालकाने. फाटकाशी खोळंबतात त्याची वृद्ध आई, दूधवाला, रात्री बोलाविलेली रुग्णवाहिका. ज्याने ऋण केलेच नाही, त्याच्याकडून ही वसुली होते. संत थॉमस अ‍ॅक्विनस खाजगी मालकी मान्य करतात, परंतु वस्तूचा उपयोग गरजवंतासाठी खुला असावा, असेही सांगतात. वाटेइतकी गरज दुसऱ्या कशाची?

थकबाकीसाठी दिवाणी न्यायालय आहे. शेताची वहिवाट अडविली गेल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. या दोन्ही पायऱ्या चढायच्या नसतील, तर खडीचा हिशेब पावसाळ्याआधी सर्वांसमक्ष मांडावा, आणि तोही वापराच्या प्रमाणात. विटांचा ट्रक आणणाऱ्याचा वाटा सायकलवाल्याइतकाच धरला, तर भांडण तेथूनच सुरू होते.