डोहाची राखण

न्यू मेक्सिकोतल्या सांता रोसा गावात वर्षाला सुमारे साडेतीनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यालाही याहून जास्त मिळतो. अल्बुकर्कीहून आंतरराज्य महामार्ग ४० धरून पूर्वेला निघालं की दोन तासांच्या आत हे गाव येतं. वाटेत खुरटं गवत, जुनिपरची झुडपं, तांबूस माती आणि लांबच लांब मालगाड्या, एवढंच काय ते दिसतं. अशा मुलखात, जुन्या रूट ६६ पासून हाकेच्या अंतरावर, जमिनीला एक गोल भोक आहे आणि ते निळ्या पाण्याने काठोकाठ भरलेलं आहे. नावही तितकंच सरळ: ब्लू होल.

तोंडाशी साठेक फूट रुंद, ८१ फूट खोल आणि खाली तळाशी १३० फुटांपर्यंत फाकलेलं. पाणी बारा महिने सोळा-सतरा अंशांचं. तळातून मिनिटाला सुमारे ३,००० गॅलन, म्हणजे अकरा हजार लिटरच्या आसपास पाणी येत राहतं. आपल्याकडे चैत्र-वैशाखात वाडीवर येणारा टँकर दहा-बारा हजार लिटरचा असतो. सांता रोसात असा एक टँकर दर मिनिटाला जमिनीतून आपण होऊन वर येतो. ना कुणाचा अर्ज, ना तहसीलदाराची सही.

हे पाणी पावसाचंच असलं तरी तिथे पडलेल्या पावसाचं नाही. उंचावरच्या प्रदेशात मुरलेलं पाणी चुनखडकाच्या आणि जिप्समच्या थरांतून दाबाखाली वाहत येतं आणि जिथे वरचं छत कोसळलेलं आहे तिथे उसळतं. खडक पर्मियन काळातला, सुमारे सत्तावीस कोटी वर्षांचा. चुनखडी आणि जिप्सम ही दोन्ही पाण्यात विरघळणारी. म्हणून तिथे जमीन आतून पोखरली जाते, पोकळी वाढत जाते आणि एखाद्या दिवशी वरचं छत खाली बसतं. सांता रोसाच्या परिसरात अशी अनेक तळी आहेत. किंबहुना गाव ज्या खोलगट भागात वसलं आहे, तोच मुळात खालचा खडक विरघळून खचलेला आहे.

आपला काळा पाषाण असा विरघळत नाही. पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत ते पाण्याने वरून कोरलेले. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे वर्षानुवर्षं गरगर फिरतात आणि बसाल्टला घासून घासून खोल करतात. इकडे नदी वरून घाव घालते, तिकडे झरा आतून विरघळवतो. रीत वेगळी, पण काठावर उभ्या राहणाऱ्या माणसापुढचा प्रश्न दोन्हीकडे एकच असतो. वरून दिसतं ते पाण्याचं तोंड. खाली काय आहे, हे पाणी सांगत नाही.

ब्लू होलचं पाणी मात्र सांगतं असं वाटतं, आणि तीच त्याची खरी भूल आहे. सतत खालून नवं पाणी येतं आणि वरून वाहून जातं, त्यामुळे गाळ साचून राहत नाही. गर्दी नसेल तेव्हा शंभर फुटांपर्यंतचं दिसतं. वीस-पंचवीस फूट खालची कपार हात घातला तर लागेल अशी वाटते. पोहण्याच्या तलावात उथळ पाण्यातून खोल पाण्यात जाण्याची पायरी-पायरीची सोय असते. इथे काठ सोडला की पुरुषभर नव्हे, कित्येक पुरुष पाणी.

एका बाजूच्या खडकावरून मुलं उड्या टाकतात. आम्ही पोहोचलो तेव्हा दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा तिथे उभा होता आणि मी त्याच्या पायांकडे बघत होतो. पायाची बोटं खडकाच्या कडेला घट्ट रोवलेली, पोटऱ्यांवर शहारा, दोन्ही हात काखेत. पाण्यात असलेली मोठी बहीण त्याला हाका मारत होती. मधेच डोहाच्या मध्यावर बुडबुड्यांचा एक गोल फुटला. खाली पाणबुड्यांचा वर्ग चालू होता. बहिणीने हात वर करून त्याला थांबवलं. बुडबुडे बाजूला सरकले, काळ्या पोशाखातली दोन डोकी वर येऊन काठाला लागली, आणि मग तिने मान हलवली. पोराने गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारला. वर आला तेव्हा तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. तीन-चार श्वास नुसते आत ओढले गेले आणि मग कुठे किंकाळी फुटली.

ते मुकं तोंड म्हणजे शरीराची शुद्ध यंत्रणा. कातडीला अचानक गार पाणी लागलं की श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. छाती आपोआप हवा ओढू लागते, नाडी धावते. मिनिट-दोन मिनिटांत हे ओसरतं. त्या मिनिट-दोन मिनिटांत डोकं पाण्याखाली असेल, तर पट्टीचा पोहणाराही गटांगळी खातो. पुढे, चेहरा गार पाण्यात बुडवून श्वास रोखला की उलट घडतं: हृदयाची गती मंदावते आणि शरीर प्राणवायू जपून वापरू लागतं. सील आणि देवमासे यांच्याकडे हीच शक्ती कितीतरी मोठ्या प्रमाणात आहे. आपल्याकडे तिचा अवशेष आहे, भरवसा टाकण्याइतकी ती नाही.

त्या बहिणीचं हात वर करणं मला पुढच्या प्रवासभर महत्त्वाचं वाटत राहिलं. पोराला तिथे उडी मारता आली, कारण खाली काय चाललं आहे ते पाहणारं कुणीतरी पाण्यात होतं. डोहाला राखणदार लागतो. प्रत्येक समाजाने तो आपापल्या परीने नेमलेला दिसतो. कुठे देवाच्या नावाने, कुठे आकड्याच्या, कुठे लोखंडाच्या.

सांता रोसाने लोखंड निवडलं, आणि ते दोन जीव गेल्यावर. ब्लू होलच्या तळाशी एका गुहेचं तोंड आहे. पाणी येतं ते तिथूनच. १९७६ मध्ये दोन विद्यार्थी पाणबुडे त्या गुहेत शिरले आणि मेले. त्यानंतर गुहेच्या तोंडावर लोखंडी जाळी बसवली गेली. उघड्या डोहात पाणबुड्याचं काही बिघडलं तर वर जाण्याचा रस्ता असतो. गुहेत डोक्यावर खडक असतो. पायातल्या पंखाचा एक फटकारा चुकीचा बसला की गाळ उठतो आणि स्वतःचा हात दिसेनासा होतो. म्हणून गुहेत जाणारे दोरी सोडत जातात आणि हवेचे तीन वाटे करतात: एक जायला, एक यायला, एक अडीअडचणीला. २०१३ मध्ये कसलेल्या गुहा-पाणबुड्यांनी परवानगीने जाळी उघडून आतलं मोजमाप केलं. ते पृष्ठभागापासून १९० फुटांच्या खाली गेले. २०१६ मध्ये अशाच शोधमोहिमेतला एक जाणकार पाणबुडा तिथे मरण पावला. म्हणजे शिकाऊ मेले, तसा तज्ज्ञही मेला.

आकड्यांचंही तसंच. ८१ फूट हा आकडा ठाम वाटतो. पण सांता रोसा समुद्रसपाटीपासून सुमारे ४,६०० फूट उंचावर आहे. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे वर येताना रक्तात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला अधिक उतावीळ असतो. समुद्रकिनाऱ्यावर शिकलेली कोष्टकं तिथे जशीच्या तशी चालत नाहीत. तिथली ८१ फुटांची बुडी हिशेबात नव्वद फुटांच्या पलीकडची धरावी लागते. डेन्व्हर, अल्बुकर्की, टेक्सास अशा समुद्रापासून दूरच्या ठिकाणांहून लोक तिथे पाणबुडेगिरी शिकायला येतात, आणि त्यांना आधी हेच शिकवलं जातं की आकडा त्या जागेचा असतो.

तिसरा राखणदार देवाच्या नावाचा, म्हणजे गोष्टीतला, आणि तो सांता रोसालाही मिळाला. रुडॉल्फो अनाया हा मेक्सिकन-अमेरिकन लेखक १९३७ मध्ये जवळच्याच पास्तुरात जन्मला आणि सांता रोसात वाढला. १९७२ मध्ये आलेल्या त्याच्या ‘ब्लेस मी, अल्टिमा’ या कादंबरीतलं गाव सांता रोसावरच बेतलेलं आहे. त्यातली मुलं एकमेकांना एक गोष्ट सांगतात. निषिद्ध मासे खाल्ले म्हणून एका जमातीला देवांनी मासे करून टाकलं. तेव्हा त्यांच्यावर माया असलेल्या एका देवाने त्यांना राखता यावं म्हणून स्वतः मासा होणं मागून घेतलं. तोच सोनेरी कार्प. त्याने बजावलं आहे की माणसांच्या पापांचा भार वाढला, तर गाव खालच्या पाण्यात कोसळेल. भूगर्भशास्त्र तरी वेगळं काय सांगतं? खाली पाणी आहे, खडक विरघळतो आहे, जमीन खचते. कथेने त्यात फक्त माणसाची जबाबदारी घातली.

याच कादंबरीत फ्लोरेन्स नावाचा मुलगा निळ्या तळ्यात बुडून मरतो. त्याचा कुठल्याच देवावर विश्वास नाही. निदान सोनेरी मासा तरी याला दाखवू, असं ठरवून मित्र त्याला शोधत येतात, तेव्हा उशीर झालेला असतो. ज्याला त्या पाण्याची गोष्ट कुणी सांगितलीच नाही, तोच पाण्यात गेला. लेखकालाही हे परकं नव्हतं. वयाच्या सोळाव्या वर्षी पाटाच्या पाण्यात सूर मारताना अनायाच्या मानेचे मणके मोडले होते, आणि त्याला बरेच महिने रुग्णालयात काढावे लागले.

मराठी मुलखात ही राखण साती आसरांकडे आहे. विहिरीच्या नाहीतर डोहाच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड मांडलेले असतात. आसरा एकट्या-दुकट्याला ओढून नेतात, भरदुपारी तिकडे फिरकू नये, असं आजी सांगायची. डोह किती खोल, तर सात बाजांचं सुंभ सोडलं तरी ठाव लागत नाही. असं सुंभ कुणी सोडून पाहिलेलं नसतं, आणि पाहू नये हाच त्या सांगण्याचा हेतू. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या वरदायिनी देवीच्या नावाने डोहातले मासे राखलेले आहेत; त्यांना कुणी मारत नाही, उलट लोक लाह्या-चुरमुरे टाकतात. सोनेरी कार्पची गोष्ट वाचताना मला हे मासे आठवले. दोन गावांमध्ये पृथ्वीचा अर्धा वळसा, तरी खोल पाण्यातल्या माशाला हात लावू नये हे दोघांनाही सुचलं. वनखात्याचं अभयारण्य जाहीर होण्याच्या कितीतरी आधी अशा कोंडींनी माशांची बीजं सांभाळली.

म्हणून आसरांना परत आणा, असं मला म्हणायचं नाही. आसरांच्या धाकाने कित्येकांना पोहणं शिकू दिलं नाही. बुडालेल्याला वर काढण्याऐवजी ‘आसरांनी नेला’ म्हणून लोक काठावर थांबले, हेही खेड्यांनी पाहिलं आहे. गोष्टीत भीती असते, कारण नसतं. पाटीवर कारण असतं, पण तिची भीती वाटत नाही. लोखंडी जाळी दोन्हींवाचून काम करते, पण ती प्रत्येक कुंडावर बसवता येत नाही, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी ती उघडतंच. गावातल्या माणसाला यातलं काही ना काही माहीत असतं. खडक कुठे आत घुसला आहे, भोवरा कुठे बसतो, वरच्या रानात पाऊस झाला की किती वेळात लोंढा येतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. सांता रोसातल्या त्या बहिणीलाही बुडबुडे दिसले की थांबायचं, हे कुणी पाटीवरून शिकवलेलं नसणार.

फटफजिती होते ती वाटेवरच्या माणसाची. गाडी थांबवून उतरलेल्या पाहुण्याकडे ना गोष्ट असते, ना आकडा, ना जाळी. त्याच्याकडे असतो अर्धा तास, ओला व्हायची हौस आणि फोन. ताम्हिणीच्या घाटात, देवकुंडाला, लोणावळ्याला दर पावसाळ्यात जे बुडतात त्यांत बाहेरून आलेलेच अधिक दिसतात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. मग बंदीचे आदेश निघतात आणि पाऊस ओसरला की विसरले जातात. बंदी हा हताश झालेल्या प्रशासनाचा राखणदार आहे. तो पाण्याविषयी काहीच शिकवत नाही.

खोल पाण्याची ओढ चांगलीच आहे. त्या निळ्या भोकाच्या काठावर उभं राहून जो एकदाही उडी मारावीशी वाटल्याशिवाय परत फिरेल, त्याच्याविषयी मला थोडी काळजीच वाटेल. फक्त उडीचा हक्क माहितीने मिळवावा लागतो, आणि माहिती काठावर मुकाट बसलेली असते: गुरं वळणारा पोरगा, चहाच्या टपरीवरची मावशी, पाण्यातून वर येणारा पाणबुडा. पुढच्या सहलीत कुठल्याही डोहापाशी गाडी थांबवाल, तेव्हा कपडे काढण्याआधी त्यांच्यापैकी कुणाला तरी विचारा: इथे खाली काय आहे? उत्तर देणारं कुणीच भेटलं नाही, तर पाय बुडवून बसा आणि पुढच्या गावाला लागा.