तीन दिवसांचं मौन आणि नंतरचा सोमवार

गेल्या वर्षी मी तीन दिवसांच्या मौन रिट्रीटला गेलो. फोन जमा करताना हायसं वाटलं. दोन तासांनी मात्र हात आपोआप खिशाकडे जायला लागला.

मी वसईच्या कॅथलिक घरातला, नोकरी हिंजवडीत. रविवारची मिस्सा सहसा चुकवत नाही, पण श्रद्धा म्हणाल तर ती मोबाइलमध्ये मागे चालू राहिलेल्या ॲपसारखी झाली होती. बंद नव्हती, पण वापरातही नव्हती.

घरी आजी दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं आई करते. मी दर महिन्याला औषधं आणि डायपर ऑनलाइन मागवतो आणि आपला वाटा उचलला असं समजतो.

दुसऱ्या संध्याकाळी फादरांनी एक साधना सांगितली. डोळे मिटून दिवस मागे फिरवून पाहायचा. कशाबद्दल कृतज्ञ आहोत, कुठे प्रेम करायला कमी पडलो, ते शोधायचं. मला हे ओळखीचं वाटलं. सिस्टिम कुठे बिघडली हे शोधायला आम्हीही असेच लॉग वाचतो. मी त्या दिवसावरून आणखी मागे गेलो, घरातून निघालो त्या सकाळपर्यंत. दारात आई उभी होती, हातात आजीची ओली चादर. म्हणाली, “जा, जरा शांत होऊन ये.”

माझी शांतता तिच्या जागरणावर उभी होती. आईला तीन दिवस कुणी कधी दिले होते?

मग वाटलं, रिट्रीट म्हणजे सुखवस्तू माणसाची पळवाटच नाही का? ज्याच्या मागे घर सांभाळणारं कुणी आहे, त्यालाच देव भेटणार?

या साधनेचा मूळ आराखडा ज्याने घातला तो इग्नेशियस लोयोला सैनिकी पेशातला. १५२१ साली पाम्प्लोनात तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. बरं होताना हाती आलेल्या धार्मिक पुस्तकांनी त्याला वळवलं. पुढे मान्रेसा गावातल्या अनुभवांतून ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाची सुरुवात झाली. पूर्ण साधना साधारण तीस दिवसांची असते. तिच्या शेवटी तो बजावतो की प्रेम शब्दांपेक्षा कृतीत दिसायला हवं. त्याचा आणखी एक नियम मला जास्त कामाचा वाटतो. मन कोरडं पडलं, देव दूर गेल्यासारखा वाटला, की आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलायचा नाही.

हा नियम किती अवघड असेल, ते मदर तेरेसांकडे पाहून कळतं. १० सप्टेंबर १९४६ रोजी वार्षिक रिट्रीटसाठी दार्जिलिंगला जाताना, रेल्वेत, त्यांना गरिबांमध्ये जाऊन राहण्याची हाक जाणवली. २००७ मध्ये त्यांची पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की पुढची कित्येक वर्षं त्यांना देवाचं अस्तित्व जाणवतच नव्हतं. तरी काम थांबलं नाही. भावना आटली, शब्द दिलेला मात्र टिकला.

म्हणून आता मला वाटतं, रिट्रीटमध्ये किती रडू आलं, किती प्रसन्न वाटलं, याला फारसा अर्थ नाही. माझी प्रसन्नता अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी रिलीज होती आणि मी पुन्हा तोच चिडका माणूस होतो. उरला तो एक निर्णय. महिन्यातले दोन शनिवार-रविवार आजीचं सगळं मी करायचं.

पहिल्यांदा तिला कूस बदलून देताना मला किळस आली आणि त्या किळसेची लाजही वाटली. आजीने डोळे मिटून घेतले. तीही लाजत होती. आम्ही दोघंही काही बोललो नाही. रिट्रीटच्या तीन दिवसांपेक्षा ते मौन जड होतं. पण मिस्सेत वर्षानुवर्षं म्हटलेल्या शब्दांना त्या खोलीत पहिल्यांदा वजन आलं. श्रद्धा आधी आणि सेवा नंतर, असा सरळ क्रम असतो असं मला आता वाटत नाही.

यंदा लेंटमध्ये आई तीन दिवस रिट्रीटला गेली. दुसऱ्या रात्री आजीने चार वेळा हाक मारली. चौथ्या हाकेला मी तिच्यावर ओरडलो. मग उठलो, चादर बदलली, माफी मागितली.

आई परतली आणि चपला काढता काढता तिने विचारलं, “जमलं का रे?”

मी म्हटलं, “पुढच्या वर्षी पाच दिवस जा.”