ग्रंथ कोणाच्या कानाला पटायचा?

1513 साली रोममध्ये गेएझ भाषेतली स्तोत्रसंहिता छापून निघाली. इथिओपियाच्या भाषेतले हे पहिले छापील पुस्तक. ते काढणारा योहानेस पोटकेन हा जर्मन धर्मगुरू. रोमला आलेल्या इथिओपियन साधूंचे पठण त्याने ऐकले, त्यांच्यापाशी बसून भाषा शिकला, पण त्या भाषेला तो खाल्डियन समजत राहिला. पुस्तक मुख्यतः युरोपातल्या विद्वानांच्या हाती गेले. पुढे 1548-49 मध्ये तस्फा सियोन या इथिओपियन साधूने रोममध्येच गेएझ नवा करार छापून घेतला. स्वतःच्या भाषेचा जाणकार इथे प्रथम कर्ता म्हणून पुढे आला. मात्र तीही गेएझच, म्हणजे शतकानुशतके कोणाच्या घरात न बोलली गेलेली भाषा.

इथिओपियातल्या चर्चच्या पाठशाळांत शिकवण्याची जी रीत होती, ती मला फार महत्त्वाची वाटते. मूळ वचन गेएझमध्ये म्हणायचे आणि त्याचा अर्थ अम्हारिकमध्ये सांगायचा. एकाच वचनाचे दोन-तीन अर्थ गुरू ओळीने सांगत आणि शिष्य ते सगळे मुखोद्गत करत. म्हणजे अम्हारिक धर्मविचार पेलू शकते का, हा प्रश्न तिथे कधीच सुटला होता. रोज सूक्ष्मातला सूक्ष्म अर्थ याच भाषेत उलगडला जात होता. फक्त ग्रंथाच्या जागी तिला बसवायचे नाही, असा संकेत होता. अर्थ बोलीत चालतो, वचन मात्र पवित्र भाषेतच हवे, ही समजूत एकट्या इथिओपियाची नाही.

ती समजूत ओलांडली गेली कैरोत. गोज्जाम प्रांतातला अबू रुमी हा साधू एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे येऊन पोहोचला. आसेलँ द शेरव्हील या फ्रेंच वकिलातीतल्या अधिकाऱ्याने त्याला कामाला लावले. दहा वर्षे दर मंगळवारी आणि शनिवारी दार लावून दोघे बसत. अरबी बायबलमधले एकेक वचन सावकाश वाचायचे, अडले तर हिब्रू, सिरियाक, ग्रीक पाठ पाहायचे आणि मग अबू रुमीने ते अम्हारिकमध्ये लिहायचे. त्याच्या हातची 9,539 पाने तयार झाली. थोड्याच दिवसांत कैरोत प्लेगची साथ आली आणि त्यात तो गेला. 1820 मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीसाठी विल्यम जोवेटने ते हस्तलिखित विकत घेतले. शुभवर्तमाने 1824 मध्ये निघाली, नवा करार 1829 मध्ये, संपूर्ण बायबल 1840 मध्ये. यांतले एकही पुस्तक छापलेले पाहणे अबू रुमीच्या नशिबी नव्हते.

या छपाईने इथिओपियन माणसाला त्याच्या बोलीतला ग्रंथ दिला आणि त्याच वेळी एक गोष्ट काढूनही घेतली. इथिओपियन चर्च 81 पुस्तके पवित्र मानते. हनोखाचे पुस्तक त्यात आहे. लंडनच्या सोसायटीने प्रोटेस्टंट यादीबाहेरची पुस्तके न छापण्याचे ठरवले होते, त्यामुळे 1840 च्या ग्रंथात 66च आली. भाषा वाचकाची, पण ग्रंथात काय असावे हे ठरवणार छापणारा! ही कैची पुढे फार काळ टिकली.

फारसीची गोष्ट उलट्या टोकाकडून सुरू होते. ती ग्रंथापासून दूर ठेवलेली बोली नव्हती; दरबाराची, काव्याची, साऱ्या हिंदुस्थानच्या कारभाराची भाषा होती. गोव्याहून अकबराच्या दरबारी गेलेल्या जेरोम झेवियरने 1602 मध्ये ख्रिस्तचरित्र फारसीत लिहिले, ते 1639 मध्ये लायडनला छापले गेले. या भाषेत अडचण वेगळी होती: फारसी जाणणारे पुष्कळ, आणि ती कोणती फारसी यावर एकमत नाही. कंपनी सरकारचा चॅप्लिन हेन्री मार्टिन याने नाथानिएल सबात या अरब विद्वानाला घेऊन नव्या कराराचे भाषांतर केले. कलकत्त्याच्या जाणकारांनी ते तपासले आणि अरबी वळणाचे म्हणून नापसंत केले.

मार्टिनने यावर जे केले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत निर्णायक पाऊल वाटते. क्षयाने पोखरलेला हा तरुण भाषा जिथे बोलली जाते तिथे निघाला. 1811 च्या सुरुवातीला तो कलकत्त्याहून मुंबईला आला.  मुंबईहून मार्टिन इराणातल्या शिराजला पोहोचला. तिथे मिर्झा सय्यद अली भेटला. तो मुसलमान, सूफी विचारांकडे ओढा असलेला. भाषांतर करता करता दोघे कडाडून वाद घालत. श्रद्धेने दुरावलेली ही माणसे वाक्यासाठी एकत्र बसत, आणि वाक्य फारसी झाले की नाही याचा निकाल सय्यद अलीच्या कानाकडे असे. 1812 च्या फेब्रुवारीत नवा करार पुरा झाला. ऑक्टोबरमध्ये परतीच्या वाटेवर तोकात गावी मार्टिन वारला, वय 31. हस्तलिखिताची प्रत ब्रिटिश वकील गोर औसली यांनी शहाला नजर केली आणि 1815 मध्ये सेंट पीटर्सबर्गला ते छापले गेले. जुना करार त्याला जोडला जायला तीस वर्षे लागली.

कलकत्त्याच्या विद्वानांकडून शिराजच्या माणसाकडे निकालाचा अधिकार सरकला, तिथे ग्रंथ बोलणाऱ्याच्या कानाला पटायला हवा हा विचार मला वयात आल्यासारखा वाटतो. पुढचे टप्पे त्याचीच वाढ आहेत. सम्राट हैले सेलासी यांनी इथिओपियन विद्वानांकडून अम्हारिकमध्ये नवे भाषांतर करवून घेतले. ते 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला निघाले. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. इथे मदतनीस आणि भाषांतरकार असे दोन वर्ग उरलेच नाहीत, आणि ते करणारी एक स्त्री होती.

मोल आपण अजून मार्टिनचेच जास्त करतो, सय्यद अलीचे कमी. मार्टिनवर चरित्रे निघाली, त्याचे नाव शाळा-मिशनांना मिळाले. सय्यद अलीची ओळख मार्टिनच्या रोजनिशीतून होते. अबू रुमीचेही तसेच, शेरव्हीलच्या पत्रांमुळे तो कळतो. मराठीत बायबल आणणाऱ्या मिशनरी केरीच्या पाठीशी वैजनाथ पंडित होते, त्यांच्याविषयी आपण किती लिहिले? जुन्या भाषांतरांवर काम करणाऱ्या संशोधकांना आणि ग्रंथपालांना माझी विनंती आहे की, कॅटलॉगमध्ये संस्थेच्या आणि मिशनऱ्याच्या नावाशेजारी भाषेच्या या जाणकारांची नावे कर्ता म्हणून नोंदवावीत. पुरावा त्या रोजनिशांत आणि पत्रांतच आहे.