पाणी समोर आहे, मग आड कोण येतं?

वाचन : प्रेषितांची कृत्ये 8:26-39, यशया 56:3-5, मत्तय 19:12



आजचं वचन मी कित्येकदा वाचलंय, पण त्यातला एक शब्द नेहमी घाईने ओलांडला. 'षंढ'. मराठीत ही शिवी आहे ना, म्हणून मंडळीत वाचतानाही आपला आवाज तिथे जरा खाली जातो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलत बहिणीला बाळ झालं. मुलगा की मुलगी, हे डॉक्टरांना लगेच सांगता येईना. शरीराची ठेवण, गुणसूत्रं किंवा संप्रेरकं जन्मतःच या दोन साच्यांत नीट बसत नाहीत, अशा व्यक्तींना इंटरसेक्स म्हणतात. बाळ छान दूध पीत होतं, हसत होतं. मराठीत आपण सगळ्याच बाळांना 'ते' म्हणतो, त्यामुळे भाषेची अडचण झाली नाही. अडचण आमची झाली. घरात कुजबुज सुरू झाली, "कुणाचं पाप असेल?" बाप्तिस्मा पुढे ढकलला. "आधी काय ते नक्की होऊ दे," असं सांगणाऱ्यांत मीही होतो. बहिणीने मला विचारलं, "दादा, बायबलमध्ये माझ्या बाळासारख्यांबद्दल काहीच नाही का रे?" मी म्हणालो, "नसावं बहुतेक."

होतं. मी वाचलं नव्हतं.

मत्तय 19 मध्ये प्रभू येशू तीन प्रकारचे षंढ सांगतो, आणि पहिला प्रकार आईच्या उदरातूनच तसे जन्मलेल्यांचा आहे. त्या काळचा हा शब्द आणि आजचा इंटरसेक्स हा शब्द अगदी एकच नाहीत, हे मान्य. पण जन्मतः वेगळं शरीर प्रभूला ठाऊक होतं. त्याने ते लाज न बाळगता सांगितलं, आणि त्यात कुणाचं पाप शोधलं नाही. योहान 9 मध्ये जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी आमच्यासारखाच प्रश्न विचारला होता. तिथेही प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला.

आता तो कूशी अधिकारी बघा. कांदके राणीचा खजिनदार. आराधनेसाठी थेट यरुशलेमपर्यंत जाऊन आलेला. अनुवाद 23:1 प्रमाणे त्याच्यासारख्याला देवाच्या मंडळीत प्रवेश नव्हता. परतताना रथात तो यशयाचा 53 वा अध्याय वाचतोय. गुंडाळी थोडी पुढे उलगडली, की तीनच अध्यायांवर 56 वा. तिथे देव अशांनाच सांगतो, की स्वतःला वाळलेलं झाड म्हणू नका. माझ्या घरात तुम्हाला मुलामुलींपेक्षाही मोठं नाव देईन. वाटेत पाणी दिसताच तो फिलिप्पाला विचारतो, की बाप्तिस्म्याला आता काय आड येतं? फिलिप्पाला नियमशास्त्र ठाऊक होतं. तरी तो "आधी नक्की होऊ दे" म्हणाला नाही. दोघे पाण्यात उतरले.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्या फॉर्ममध्ये एखाद्याची माहिती बसली नाही की लाल अक्षरांत एरर येतो, आणि वाटतं त्या माणसाचंच काहीतरी चुकलं. खरं तर फॉर्म अपुरा असतो. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमधल्या एका रकान्यासाठी आम्ही एका लेकराला दारात उभं केलं.

घाईने ऑपरेशन उरकून टाका, असाही सल्ला मी दिला होता. 2019 साली मद्रास उच्च न्यायालयाने तान्ह्या इंटरसेक्स बाळांवरच्या अशा शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं, आणि तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी जिवाला धोका असल्याखेरीज त्यांवर बंदी घातली. न्यायालयाला त्या लेकरांच्या वतीने थांबायचं सुचलं. मला, रोज वचन वाचणाऱ्याला, सुचलं नाही.

आज सकाळी बहिणीला फोन केला, माफी मागितली. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "दादा, हे पाळकसाहेबांसमोर बोलशील?" येत्या रविवारी जाणार आहे.

तुमच्या मंडळीत कोण दारात थांबलंय? आणि त्यांना अडवणारं वचन आहे, की आपण?

प्रार्थना : हे पित्या, उदरात तूच आम्हाला घडवलंस. तू ज्याला नाव दिलंस त्याला आम्ही बाहेर ठेवलं, याची क्षमा कर. फिलिप्पासारखं रथाजवळ धावत जायला आम्हाला शिकव. येशूच्या नावात मागतो, आमेन.