चतुरिंद्रिय

डास चार इंद्रियांचा जीव, हे हिवताप खात्यात लागण्याच्या कितीतरी आधीपासून मला पाठ होतं. स्पर्श, चव, वास, दृष्टी. मुंगीला तीन, डासाला चार, कान असलेल्याला पाच. आणि इंद्रियं वाढतील तसं मारण्याचं पापही वाढतं. आम्ही शिरोळकडचे दिगंबर जैन, पाठशाळेत हे पाढ्यांसारखं म्हणवून घेत. पुढे आरोग्य सेवक म्हणून सगळी नोकरी त्याच जीवाची पैदास रोखण्यात गेली.

निवृत्तीनंतर चेन्नईला मुलाकडे गेलो तेव्हा पुदुच्चेरीचं डासांचं संग्रहालय मुद्दाम पाहिलं. कीटकजन्य रोगांवर काम करणारी आयसीएमआरची संस्था तिथे १९७५ पासून आहे. टाचणीला टोचलेला कागदाचा इवला त्रिकोण, त्याच्या टोकाला चिकटवलेला डास, खाली बारीक अक्षरात नाव, गाव, तारीख. आमच्या रजिस्टरात भांडी मोजलेली असत, तपासलेली किती आणि अळ्या निघालेली किती. डास असा एकेकटा कधी भेटलाच नव्हता.

नराच्या मिशा पिसांसारख्या झुबकेदार. त्या मिशांच्या बुडाशी आवाज टिपणारं इंद्रिय असतं आणि मादीच्या पंखांची गुणगुण नराला त्यानेच कळते, असं तिथल्या माणसाने सांगितलं. बायको हळूच म्हणाली, "अहो, मग पाच झाली की इंद्रियं! तुमचं पाप वाढलं." मी हसलो खरा. शास्त्रकारांनी नुसत्या डोळ्यांनी पाहून एवढ्या क्षुद्र जीवाची इंद्रियं मोजावीत, याचंच मला अप्रूप आहे. एखादं चुकलं तर चुकलं.

माझा पेच वेगळा आहे. गृहस्थाच्या हातून होणारी हिंसा चार प्रकारची सांगितली आहे: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. संकल्पी सोडायचीच, बाकीच्या तीन संसारात टळत नाहीत, त्या जपून. गावातले एक पंडितजी म्हणत, तुझी विरोधी, माणसं वाचवण्यासाठी केलेली, काळजी करू नकोस. पण डास कुठे माझ्यावर चालून येत होता? तो रांजणात अळी होऊन उलटा लटकलेला असे आणि मी वरून ॲबेट हे अळीनाशक सोडत असे. शत्रू अजून शत्रू व्हायचाच होता.

आजी विहिरीचं पाणी दुपदरी फडक्यातून गाळायची आणि फडक्यावर राहिलेले जीव अलगद त्याच विहिरीत परत सोडायची. ज्या पाण्यातले, त्या पाण्यात. त्याच विहिरीत पुढे मी गप्पी मासे सोडले. मासा खातो, मी कुठे मारतो, ही पळवाट मला कधी पटली नाही. करणं, करवणं, करणाऱ्याला होकार देणं, तिन्ही आमच्यात मोजली जातात.

आजीकडे माझ्यापेक्षा चांगलं उत्तर होतं, असं मला त्या दालनात वाटलं. केरळातल्या चेर्तलाला हत्तीरोग पसरवणाऱ्या मॅन्सोनियाची अळी हवेसाठी वर येत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या पिस्टियाच्या मुळांत नळी खुपसून श्वास घेते. या संस्थेने १९८०च्या दशकात तिथल्या लोकांकडून तळ्यांतली ती झाडं उपसून घेतली. आजीही घरात ओलं, उष्टं, साचलेलं राहू देत नसे, कारण तिथे जीव उपजतील आणि आपल्या हातून मरतील. कोरडा दिवस पाळा म्हणून मी घरोघर सांगत फिरलो. ती न सांगता पाळत होती. उपजूच न देणं ही हिंसा नव्हे, असं मी मानतो. आमच्या श्रद्धेत जीव जन्मासाठी एका रांजणावर अडून बसत नाही.

शेवटी वोल्बाकियाची गोष्ट. २०२२ मध्ये या संस्थेने हा जिवाणू अंगी असलेले एडिस डास तयार केल्याचं जाहीर केलं. असा डास जगतो, चावतो, पिल्लं देतो. फक्त डेंग्यूचा विषाणू त्याच्या अंगात नीट वाढत नाही. बायको खूश झाली, मारायची कटकटच नाही म्हणून. मला मात्र ते तितकं सोवळं वाटेना. ज्याला विचारता येत नाही त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या देहात आपल्या सोयीचं बिऱ्हाड बसवायचं, यालाही अहिंसेने काही नाव द्यायला हवं.

"मग तुम्ही नोकरी नको होती का करायला?" तिने बाहेर आल्यावर विचारलं.

"करायला हवीच होती," मी म्हटलं. तापाने फणफणलेल्या पोराच्या बोटातून काचपट्टीवर रक्त घेतलेल्या माणसाला दुसरं उत्तर नाही. पंडितजींची सूट तेवढी मला नको.