पंचाचे मौन

कायदा एक सांगतो आणि अंतःकरण दुसरेच सांगते, अशा वेळी माणसाने कोणाचे ऐकावे? आपण हा प्रश्न बहुधा स्वतःपुरता विचारतो. पण ज्याच्या एका शब्दावर दुसऱ्याचा तुरुंग ठरतो, त्याने काय करावे?

लंडनमध्ये १६७० साली ज्युरीच्या बारा पंचांपुढे हा प्रश्न आला. क्वेकर पंथाचे प्रार्थनाघर सरकारने बंद केले, तेव्हा विल्यम पेन यांनी रस्त्यावरच प्रवचन केले. त्यांच्यावर आणि विल्यम मीड यांच्यावर बेकायदा जमावाचा खटला भरला गेला. (वाळवंटात उघड्यावर कीर्तन ऐकणाऱ्या आपल्याला यात गुन्हा कोणता, हे सहज कळणार नाही.) पेन रस्त्यावर बोलले एवढेच पंच मान्य करीत, त्यात गुन्हा झाला असे काही केल्या म्हणेनात. न्यायाधीशांनी त्यांना दोन रात्री अन्नपाण्यावाचून कोंडले. तरी शेवटी निकाल आला, 'निर्दोष'. मग दंड झाला तो पंचांनाच! एडवर्ड बुशेल या पंचाने दंड न भरता तुरुंग पत्करला. त्याच्या अर्जावर मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी ठरवले की, निकालाबद्दल ज्युरीला शिक्षा करता येत नाही.

पंचाला कारण विचारता येत नाही, आणि एकदा निर्दोष ठरलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. या दोहोंच्या सांध्यातून कायदा बाजूला ठेवण्याची शक्ती ज्युरीच्या हाती आली. ती कोणी मुद्दाम दिलेली नाही. कायदा न्यायाधीशाने सांगितला तोच मानावा, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ साली बजावले. तरी ती उरलीच. त्याआधी, पळालेल्या गुलामांना वाचवणाऱ्यांना उत्तरेतल्या काही ज्युरींनी सोडले, ते याच बळावर.

इथवर वाचून मन भरून येते. पण १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला, आणि बारा गोऱ्या पंचांनी सुमारे तासाभरात दोघा गोऱ्या आरोपींना सोडून दिले. पुढच्याच वर्षी त्या दोघांनी एका मासिकाला खुनाची कबुली दिली. कोणी काही करू शकले नाही. दार तेच, मौनही तेच. आपण अंतःकरणाचेच ऐकले, असे त्या पंचांनाही वाटले असेल.

मग दया कोणती आणि पक्षपात कोणता? बुशेलच्या अंतःकरणाने त्याच्याकडून भूक आणि तुरुंग मागितला. मिसिसिपीच्या पंचांकडून काहीच मागितले नाही. पण ही खूणही पुरती नव्हे. हट्टी माणूसही उपाशी राहतो.

असो. फौजदारी खटल्यात आपल्याकडे आता ज्युरी नाही. मुंबईत १९५९ साली नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असे 'निर्दोष' म्हटले, पण न्यायाधीशांना ते पटले नाही आणि प्रकरण हायकोर्टात जाऊन जन्मठेप झाली. तेव्हाच्या आपल्या कायद्यात ती सोय होती. भावकीच्या बैठकीत मात्र कारण विचारणारे कोणी नसते. 'जाऊ द्या, पोर आपलेच आहे,' असे मी तिथे अनेकदा म्हटले आहे. पोर दुसऱ्या आळीतले असते तर हेच म्हटले असते का, असे मागे वळून विचारतो, तेव्हा निदान दोन प्रसंगी उत्तर 'नाही' असे येते.