कामाची उत्तरपूजा



गणेश चतुर्थीला आपण मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करतो. बाप्पा कोणाकडे दीड दिवस, कोणाकडे पाच, तर कोणाकडे दहा दिवस राहतात. मग उत्तरपूजा होते, हातावर दही ठेवतात, मूर्ती जागेवरून किंचित हलवतात आणि पुन्हा येण्याचे आमंत्रण देऊन निरोप देतात. ज्याच्यावर एवढे प्रेम, त्याच्या मुक्कामालाही आपल्या पूर्वजांनी मर्यादा घातली, हे पन्नाशी येईपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

मी मिरजेला एम.बी.बी.एस. करून अमेरिकेत आलो. गेली वीस वर्षे एका मेडिकल कॉलेजात शिकवतो. दिवसा रुग्ण आणि विद्यार्थी, रात्री संशोधनाचे लेख आणि ग्रँटचे अर्ज. येथे 2003 च्या जुलैपासून रेसिडेंट डॉक्टरांना आठवड्याला सरासरी 80 तासांची मर्यादा आहे. त्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकाने मात्र ती स्वतःच घालून घ्यायची असते.

काही वर्षांपूर्वी ऐन चतुर्थीला खाली आरती चालू असताना मी वरच्या खोलीत अर्ज पुरा करत बसलो होतो. सौ. आरतीचे तबक घेऊन वर आली आणि म्हणाली, "अहो, बाप्पा उद्या जातील. तुमचे ऑफिस आपल्या घरातून कधी जाणार?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याच आठवड्यात क्लिनिकमधल्या नर्सने सहज माझा रक्तदाब मोजला. 168/104! कित्येक महिने रक्तदाब न मोजलेल्या रुग्णाला मी चांगलाच रागावलो असतो.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात, की अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा उपाशी राहणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही, तसा सतत जागणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण सारे 'युक्त', म्हणजे मापात हवे. या यादीत कर्मही आहे, हे लक्षात घ्या. अर्जुनाला युद्धाला उभे करणारे भगवंतच कर्माला माप लावतात. 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने 'बर्नआउट'ची लक्षणे सांगितली: थकवा, कामाविषयी तुटलेपणा आणि घटलेली कार्यक्षमता. माप सुटले की हेच होते.

त्यानंतर मी तीन नियम केले. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की लॅपटॉप बंद. नवे काम आले की लगेच 'हो' न म्हणता एक दिवस मागून घ्यायचा. आणि स्वतःचा डॉक्टर स्वतः व्हायचे नाही. वर्षातून एकदा दुसऱ्याकडे तपासून घ्यायचे.

पहिल्यांदा 'नाही' म्हणताना जीभ अडखळली. एक समिती सोडली. वाटले, आता तिचे कसे होणार? ती माझ्यावाचून उत्तम चालली. ज्याला मी सेवा समजत होतो, त्यात 'माझ्यावाचून अडेल' हा अहंकार किती होता, ते तेव्हा कळले. विश्रांतीपेक्षा हा धडा मोठा होता.

आपली मुलेही आता पीएच.डी., रेसिडेन्सी, प्राध्यापकी करू लागली आहेत. त्यांना फोनवर "अभ्यास कसा चाललाय?" विचारण्याआधी "जेवलास का? झोपलीस का?" असे विचारू या. आणि 'नाही' म्हणायला आपल्याकडे पाहून शिकू द्या.

काम मनोभावे करण्याची आणि वेळ झाली की त्याच्या हातावर दही ठेवण्याची बुद्धी श्रीगजाननाने आपणा सर्वांना द्यावी, हीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!